स्पॅम फिल्टरचे रूल तपासताना येणारे एरर नेमकं सांगतात तरी काय?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर मी बघतो. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि स्पॅमॲसॅसिन ३.४.६ (स्पॅम ओळखणारा फिल्टर), उबुंटू २२.०४ वर. हल्ली मराठीतून स्पॅम फार येतंय, "शेतकऱ्यांसाठी बिनव्याजी कर्ज, आजच अर्ज करा", "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असलं सगळं, आणि शाखेतली साधी माणसं ते खरं मानून फोन लावतात, म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा झालाय.

आधी जे गृहस्थ सर्व्हर बघायचे त्यांनी लोकल डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये मराठीसाठी बरेच रूल लिहून ठेवलेत. त्यातल्या कर्जाच्या रूलला ३.५ स्कोर आहे (रूल लागला की मेलला तेवढे गुण, बेरीज उंबरठ्याला पोचली की स्पॅम). आता लिंट (रूलच्या फाइलमधल्या चुका तपासणं) चालवलं की हे येतं:

कॉन्फिग: फेल्ड टु पार्स लाइन, स्किपिंग, इन लोकल.सीएफ: स्कोर मराठी_कर्ज ३.५

आणि सगळ्यात खाली: लिंट: १ इश्यूज डिटेक्टेड, प्लीज रीरन विथ डिबग एनेबल्ड फॉर मोअर इन्फर्मेशन

(रूलचं नाव आणि आकडे फाइलमध्ये रोमनमध्येच आहेत.) म्हटलं ठीक, डिबग लावू. मायनस डी लावल्यावर पडद्यावर पानंच्या पानं वाहून गेली, कुठलं प्लगइन लोड झालं, कुठली फाइल वाचली, डीएनएस आहे की नाही. आणि त्या सगळ्यात माझ्या चुकीबद्दल परत तीच एक ओळ. ओळ क्रमांक नाही, कारण नाही. ओळ तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतेय, खालचीच दुसरी स्कोरची ओळ हुबेहूब तशी आहे आणि ती चालतेय! मग चूक शोधायची कशी? तुम्ही लोक असे मेसेज आले की काय करता?

तांबडा_रस्सा
आमचे गणिताचे मास्तर असंच करायचे, वहीवर लाल शाईत "चूक" एवढंच, कुठं ते आपण शोधायचं. धागा वाचतोय, पुढे काय निघतंय बघू.

सायली_टी
सर्व्हरमधलं काही कळत नाही पण एक विचारू का, जीमेलमध्ये आपण फिल्टर बनवतो तिथे तर कधीच एरर येत नाही. ते बरं ना मग?

मुळामुठा
@सायली_टी, ताई ते बरं नाही, ते जास्त वाईट आहे. जीमेलच्या फिल्टरमध्ये रेगेक्स (मजकुराचा नमुना खुणांनी लिहायची पद्धत) नाही आणि शब्दाच्या अर्ध्या तुकड्यावरही मॅच होत नाही. तुम्ही तिथे स्टार, कंस, काहीही टाका, तो मुकाट्याने घेतो, फिल्टर "तयार झाला" म्हणतो, आणि मग एकही मेल अडत नाही. अडलं नाही हे तुम्हाला कधी कळणार? म्हणजे चूक सांगणारा नीट सांगत नसेल तरी निदान चूक आहे एवढं तरी कळतं.

@कृष्णाकाठ, तुमच्या केसमध्ये एक लक्षात घ्या, "स्किपिंग" म्हणजे ती ओळ वगळून बाकी फाइल चालू आहे. रूल जिवंत आहे, फक्त त्याचा स्कोर गेला. ज्या रूलला स्कोर नाही त्याला स्पॅमॲसॅसिन आपणहून १.० देतो. म्हणजे ३.५ च्या जागी १ मिळतोय, आणि उंबरठा ५ चा असतो, त्यामुळे तुमच्या कर्जाच्या स्पॅमला २.५ गुण कमी पडतात आणि ते आत येतंय. हे त्या मेसेजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही आणि खरी गरज तर याचीच आहे.

कृष्णाकाठ
अरे बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं रूलच बंद पडलाय. मेलच्या हेडरमध्ये रूलचं नाव दिसतं म्हणून मी बुचकळ्यात पडलो होतो, तो चालतोय तर एरर कसला.

रात्रपाळी
ओळ दिसायला बरोबर आणि पार्स होत नाही म्हणजे न दिसणारं काहीतरी घुसलंय. बहुतेक वेळा नॉन-ब्रेकिंग स्पेस. वेबपेजवरून किंवा वर्डमधून रूल कॉपी केला की येते, मॅकवर ऑप्शन धरून स्पेस दाबली गेली तरी येते. दिसायला साधी मोकळी जागा, पण फाइलमध्ये ती सी२ ए० अशा दोन बाइट. स्पॅमॲसॅसिन ओळीचे तुकडे करतो ते साध्या स्पेस किंवा टॅबवर, त्यामुळे त्याच्या लेखी "स्कोर" आणि रूलचं नाव मिळून एकच सलग शब्द झाला, आणि असली कुठली सेटिंग त्याला माहीत नाही. म्हणून फेल्ड टु पार्स.

तपासायला कॅट (फाइल पडद्यावर दाखवणारी कमांड) मायनस कॅपिटल ए लावून फाइल बघा. जिथे "एम-बीएम-" दिसेल तिथे तो आहे. किंवा व्हिम एडिटरमध्ये कर्सर त्या मोकळ्या जागेवर नेऊन जीए दाबा, खाली नंबर येतो. ३२ आला तर साधी स्पेस, १६० आला तर चोर सापडला.

एडिसनवाला
ग्रेप या शोधायच्या कमांडने पण सापडतो की, ग्रेप मायनस एनपी आणि पुढे सी२ ए० हेक्समध्ये, ओळ नंबरसकट येतं.

रात्रपाळी
@एडिसनवाला, लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं एकेक वा अनेक बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचं असेल तर तसं नाही सापडणार. तिथे ग्रेप सी२ आणि ए० ही दोन वेगळी अक्षरं समजतो आणि काहीच नाही म्हणून हात वर करतो. आधी एलसी_ऑल=सी लावा, मग बाइट म्हणून शोधतो. बऱ्याच जणांना "ग्रेपने बघितलं, काही नाही" म्हणताना ऐकलंय ते यामुळेच.

एडिसनवाला
बरोबर, मी आता करून बघितलं, लोकेल बदलल्यावरच सापडलं. धन्यवाद.

घाटमाथा
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. हे सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००१ पासून लोक आपल्या वेळात लिहितायत, सांभाळतायत. "मेसेज कळत नाही" म्हणून तक्रार करण्याआधी माणसाने डॉक्युमेंटेशन वाचावं. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कॅट मायनस ए माहीत असायलाच पाहिजे. मेसेजमध्ये फाइलचं नाव आहे, पूर्ण ओळ आहे, अजून काय हवं?

मुळामुठा
@घाटमाथा, फुकट आहे हे मान्य आणि त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण अजून काय हवं ते सांगतो. ओळ दाखवताना न दिसणारं अक्षर तसंच्या तसं न छापता त्याचा कोड छापावा, एवढंच. पायथन ३ च्या नव्या आवृत्त्यांत कोडमध्ये हीच नॉन-ब्रेकिंग स्पेस आली तर तो सरळ सांगतो की न छापता येणारं अक्षर आहे, यू+००ए०. तेवढं वाचलं की नवखा माणूसही दोन मिनिटांत शोधतो. तेही फुकटच आहे ना?

प्रेषक_अज्ञात
+१ मुळामुठा. आणि सगळेच मेसेज वाईट आहेत असंही नाही हं. रूलच्या नावात हायफन किंवा देवनागरी अक्षर टाकून बघा, तिथे तो स्पष्ट सांगतो की नावात चालत नसलेली अक्षरं आहेत, फक्त अक्षरं, आकडे, अंडरस्कोर चालतील आणि सुरुवात आकड्याने नको. हा आदर्श मेसेज. काय चुकलं आणि काय चालेल, दोन्ही एकाच ओळीत. म्हणजे यांना येतं लिहायला!

याउलट हॅशचं प्रकरण घ्या. सब्जेक्टमध्ये "#ऑफर" असलेले मेल पकडायला रूल लिहिला, दोन्ही बाजूंना स्लॅश व्यवस्थित, आणि एरर काय, "मिसिंग ऑर इनव्हॅलिड डिलिमिटर्स". माणूस स्लॅशकडे बघत बसतो, स्लॅश तर आहेत. झालेलं असं असतं की हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट म्हणून कापलं गेलं, त्यातच शेवटचा स्लॅश गेला. रेगेक्समध्येसुद्धा हॅशच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. मेसेज खोटा नाहीये, पण तो परिणाम सांगतोय आणि कारण मागे दोन पावलं आहे.

अनुस्वार
सिव्ह (सर्व्हरवर मेलचे फिल्टर लिहायची भाषा) वापरणाऱ्यांनाही हेच. डव्हकॉटवर (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हर) फोल्डरमध्ये मेल हलवायला फाइलइनटू लिहिलं आणि वर रिक्वायरमध्ये ते मागितलं नाही, तर "अननोन कमांड" म्हणतो. अरे अननोन कशी, सगळ्या उदाहरणांत तीच कमांड आहे. सिव्हचे नियम सांगणारा आरएफसी ५२२८ हा दस्तऐवज वाचल्यावर उलगडा होतो की ते एक्स्टेन्शन आहे, आधी मागून घ्यायचं. पण एक मान्य करायला हवं, तिथे ओळ क्रमांक येतो.

घाटमाथा
हॅशचा मुद्दा पटला. तिथे खरंच दिशाभूल होते. ओळ क्रमांकाचं म्हणाल तर माझ्याकडे डेबियन १२ वर स्पॅमॲसॅसिन ४.० आहे, त्यात फेल्ड टु पार्सच्या मेसेजमध्ये कंसात लाइन नंबर येतो. म्हणजे सुधारणा होतेय, धीर धरा.

कृष्णाकाठ
सापडलं!! @रात्रपाळी, अगदी तुम्ही म्हणालात तेच. कॅट मायनस ए मध्ये स्कोर आणि नावाच्या मध्ये एम-बीएम-, आणि व्हिममध्ये जीए दाबल्यावर १६०. ती जागा पुसून साधी स्पेस टाकली, लिंट एकदम गप्प. मनापासून आभार. आधीच्या साहेबांनी बहुतेक कुठल्या तरी पानावरून ती ओळ उचलली असणार.

आता एकच, लिंट गप्प झाला म्हणजे सगळं ठीक असं धरायचं ना?

ळ_आणि_ज्ञ
नाही!! कृपया तसं धरू नका. मी मराठी स्पॅमसाठीच रूल लिहिते, आणि माझा अनुभव असा की लिंट जिथे ओरडतो तिथे फारसं नुकसान नसतं, जिथे गप्प बसतो तिथे रूल मेलेला असतो. जरा सविस्तर लिहिते कारण हे मराठीत कुठे लिहिलेलं मिळत नाही.

स्पॅमॲसॅसिनचा रेगेक्स मेलचा मजकूर अक्षरं म्हणून बघत नाही, बाइट म्हणून बघतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. "कर्ज" म्हणजे क, र, हलन्त, ज अशी चार चिन्हं, बारा बाइट. क म्हणजे ई० ए४ ९५. आता यातून काय काय होतं बघा.

सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट, शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी, म्हणजे इथे शब्दाची सीमा हवी अशी खूण. इंग्रजी रूलमध्ये आपण डोळे मिटून लावतो. पण देवनागरीच्या बाइट त्याच्या लेखी "शब्दातलं अक्षर" नाहीतच, स्पेसही नाही, मग दोघांच्या मध्ये शब्दाची सीमा कुठून येणार? बॅकस्लॅश बी कर्ज बॅकस्लॅश बी असा रूल आजूबाजूला साधी स्पेस असलेल्या "कर्ज"ला कधीही लागत नाही. व्याकरण शुद्ध, लिंट खूश, रूल शून्य.

दुसरं, चौकटी कंस. चौकटी कंसात क आणि र घातले की तुम्हाला वाटतं दोन पर्याय दिले, प्रत्यक्षात तिथे बाइटचे पर्याय होतात आणि त्यातली एकच बाइट घेतली जाते. शब्दाच्या सुरुवातीला असेल तर योगायोगाने चालून जातं कारण शेवटची बाइट जुळते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो, आणि शब्दाच्या मधोमध घातलं की कधीच लागत नाही. तिथे गोल कंस आणि उभी रेघ वापरा. तसंच टिंब म्हणजे एक अक्षर नव्हे, एक बाइट.

तिसरं खास आपलं. "शेतकऱ्यांना" मधला र. कोणी तो यू+०९३१ हे चिन्ह आणि हलन्त वापरून टाइप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर असं करतं, आणि नुक्ता दिलेला र असा तिसराही प्रकार असतो कारण युनिकोडमध्ये ०९३१ चं विघटन र अधिक नुक्ता असंच आहे. पडद्यावर सगळे सारखे. तुमचा रूल एका पद्धतीने लिहिलाय आणि स्पॅमवाल्याचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा, संपलं. मी तिन्ही पर्याय देते, आणि जॉइनर कधी नुसता टाइप करत नाही, बॅकस्लॅश एक्स ई२, ८०, ८डी असं उघड लिहिते, म्हणजे फाइल उघडणाऱ्या पुढच्या माणसाला तो दिसतो.

कृष्णाकाठ
आत्ता फाइल उघडून बघितली. कर्जाच्या आणि विजेच्या दोन्ही रूलना बॅकस्लॅश बी आहे. 😟 पण मग हेडरमध्ये मराठी_कर्ज लागलेलं दिसत होतं ते कसं?

ळ_आणि_ज्ञ
@कृष्णाकाठ दादा, ते मेल उघडून बघा, बहुतेक "कर्ज"ला रोमन अक्षर किंवा आकडा चिकटलेला असेल, "५०लाखकर्ज" टाइप नाही, "लोनकर्जapp" असलं काहीतरी, म्हणजे लोन आणि ॲप रोमनमध्ये. रोमन अक्षर किंवा रोमन आकडा शेजारी आला की मात्र सीमा मिळते. म्हणजे तुमचा रूल बरोबर उलटा चालतोय, नीट लिहिलेलं सोडतो आणि गिचमिड पकडतो.

कृष्णाकाठ
अगदी तसंच आहे. रोमनमधलं "लोन", मग "कर्ज", मग रोमन आकडे, सगळं सलग.

मुळामुठा
ळ_आणि_ज्ञ ताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो. वाचनखूण साठवली.

तांबडा_रस्सा
मी ज्या स्पीडने हे वाचतोय त्या स्पीडने स्पॅमवाले पण वाचत नसावेत अशी आशा. एक शंका, बॅकस्लॅश बी काढला तर "कर्जत" गावाहून आलेले मेल पण स्पॅम का? आमचे अर्धे पाहुणे तिकडचे.

ळ_आणि_ज्ञ
@तांबडा_रस्सा, शंका रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कर्जत लागणारच. म्हणून नुसत्या "कर्ज"वर ३.५ स्कोर देऊच नये. "कर्ज" चा एक, "बिनव्याजी" चा एक, "आजच" चा एक असे दोन अंडरस्कोरने सुरू होणारे छोटे रूल करायचे, त्यांना स्वतःचा स्कोर नसतो, आणि मग तीन एकत्र लागले तरच स्कोर देणारा मेटा रूल. पुढे त येऊ नये असंही लिहिता येतं, नेगेटिव्ह लुकअहेड वापरून, पर्लमध्ये (स्पॅमॲसॅसिन त्याच भाषेत लिहिलाय) चालतं. पण "कर्जतर्फे" वगैरे सुटेल, त्यामुळे मला मेटा बरा वाटतो.

अनुस्वार
लुकअहेडवरून आठवलं, हाच रूल उचलून कोणी गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिनमध्ये टाकणार असेल तर तिथे आरई२ हे वेगळं रेगेक्स इंजिन आहे, लुकअहेड चालत नाही. एकीकडे चाललेला रेगेक्स दुसरीकडे अडतो त्याचं हे एक मोठं कारण.

घाटमाथा
ताईंचा प्रतिसाद वाचून माझं आधीचं मत बदलतोय. डॉक्युमेंटेशन वाचा म्हणणं सोपं होतं, पण देवनागरी शब्दाला बॅकस्लॅश बी लावलेला रूल लिंटने निदान इशारा म्हणून तरी दाखवावा. हे ओळखणं त्याला अवघड नाही, पॅटर्नमध्येच दिसतंय. प्रकल्पाच्या बगझिलावर (चुका नोंदवायची साइट) मांडण्यासारखं आहे. कोणी इंग्रजी मसुदा करत असेल तर मी ४.० वर चाचणी करून उदाहरणं जोडून देतो.

ळ_आणि_ज्ञ
मी मसुदा करते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रात्रपाळी
मूळ प्रश्नाकडे परत. लिंट फक्त "वाचता आलं का" तपासतो. लागतो का हे बघायला एक खरा स्पॅम मेल पूर्ण हेडरसकट फाइलमध्ये सेव्ह करा आणि स्पॅमॲसॅसिन मायनस टी ला द्या, शेवटी कुठला रूल लागला आणि किती गुण मिळाले याचा तक्ता येतो. दुसरा एक चांगला मेलही द्या, कर्जतच्या पाहुण्यांचा चालेल. पोस्टफिक्सच्या हेडर चेक्ससाठी पोस्टमॅप मायनस क्यू हेच काम करतो.

आणि फाइल बदलल्यावर स्पॅमडी (मागे सतत चालू असणारा स्पॅमॲसॅसिनचा डीमन) रीस्टार्ट केलाय ना? लिंट ताजी फाइल वाचतो, पण चालू डीमनच्या डोक्यात जुनेच रूल असतात. अमाविस (पोस्टफिक्स आणि स्पॅमॲसॅसिनला जोडणारा प्रोग्राम) वापरत असाल तर अमाविस रीस्टार्ट करा, आणि तिथे ५ चा उंबरठा लोकल डॉट सीएफ मधून घेतलाच जात नाही, अमाविसच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये बघा.

खिडकीतून
उशिरा येतोय. माझं शेअर्ड होस्टिंग आहे, रूट (सर्व्हरचे पूर्ण हक्क) नाही. होम फोल्डरमधल्या यूजर_प्रेफ्स या माझ्यापुरत्या सेटिंगच्या फाइलमध्ये बॉडी रूल लिहिला, कमांडवरून लिंट पास, मायनस टी ने पण रूल लागलेला दिसतो, रीस्टार्ट माझ्या हातात नाही. तरी येणाऱ्या मेलला लागत नाही. त्याच फाइलमध्ये आधीच्या रूलचे स्कोर बदलले ते मात्र लागतात. एरर कुठेच नाही.

रात्रपाळी
@खिडकीतून, अलाऊ_यूजर_रूल्स ही सेटिंग. स्पॅमडीमध्ये ते मुळात ० असतं, म्हणजे साध्या यूजरच्या फाइलमधले नवे रूल घेत नाही, सुरक्षेसाठी, कारण एखादा वेडावाकडा रेगेक्स सगळा सर्व्हर अडकवू शकतो. स्कोर बदलायला परवानगी असते. कमांडवरून चालवता तेव्हा ही अट लागू नसते म्हणून तिथे सगळं छान दिसतं. होस्टिंगवाल्यांना विचारून बघा, बहुतेक नाही म्हणतील. तसं झालं तर सिव्ह मिळतंय का ते बघा आणि तिथे लिहा.

खिडकीतून
सिव्ह आहे. अनुस्वार यांचा प्रतिसाद वाचून रिक्वायर आधीच टाकलं, पहिल्या फटक्यात सेव्ह झालं. आभार दोघांचे.

कृष्णाकाठ
दोन्ही रूल बदलले. बॅकस्लॅश बी काढला, मेटा केला, शेतकऱ्यांच्या र चे तिन्ही प्रकार टाकले, स्पॅमडी रीस्टार्ट. मायनस टी ने वीज तोडणारा मेल ६.१ वर गेला, शाखेतल्या कर्ज विभागाचं खरं परिपत्रक १ च्या खाली राहिलं. @ळ_आणि_ज्ञ, बगझिलासाठी आमच्याकडचे दोन-तीन नमुने खातेदारांची माहिती काढून पाठवतो, उद्या ऑफिसला गेलो की.